कायमचा मुक्काम

"अगं, मान वर कर, मान! खाली काय बघतेस?" सुपरवायझर ओरडले.

त्यांची बायको, जिला सगळे सिस्टर म्हणत, खाली बघत होती, कारण तिच्या एका हातात त्यांचे बूट होते, दुसऱ्या हातात थर्मास, आणि पायाखाली ओली, निसरडी मुळं. ओढा ओलांडताना बूट काढायचं त्यांनी ठरवलं, धरायचं तिने.

तिने मान वर केली.

झाड संपतच नव्हतं. आठ जणांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असा बुंधा, त्याच्या फांद्यांवर दुसरी झाडं, त्या झाडांवर नेचे, नेच्यांत जांभळी फुलं. वरून एक भलामोठा पक्षी गेला. बॉयलरची वाफ सोडावी तसा त्याच्या पंखांचा आवाज झाला.

"आईशप्पथ!" सुपरवायझरांचे डोळे भरून आले.

चौतीस वर्षं ज्याने सिमेंट कारखान्याची धूळ खाल्ली, त्याला हिरवं बघून रडू येणारच. त्यात लाजायचं काय? कॉलनीतली झाडं करडी होती, वाळत घातलेले कपडे करडे, थुंकी करडी. इथे दगडसुद्धा हिरवे होते. दवाखान्यात छातीचा फोटो काढायला बसलेले असताना एका मासिकात त्यांनी या देशाचं चित्र पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला, मरायचं तर इथे.

अडचण एकच होती. इथलं सरकार कायम राहू देतं ते पेन्शन असलेल्या माणसाला. कारखान्याने सुपरवायझरांना दिलं भिंतीवरचं घड्याळ आणि साहेबांचा ओला हात. पेन्शन होती सिस्टरला, सरकारी इस्पितळाच्या प्रसूती वॉर्डात तीस वर्षं काढल्याची. मग अर्जदार ती आणि 'सोबत राहणारी व्यक्ती' हे. अर्ज अर्थात त्यांनीच भरला.

"नावाला तू घोड्यावर," ते हसून म्हणाले होते. "लगाम माझ्याच हातात!"

इथे येऊन आज पंधरावा दिवस. तीन वाजता कचेरीत मुलाखत. नकार आला तर उद्याच्या विमानाने परत, पुन्हा त्या धुळीत. आणि त्यांना खरी भीती सरकारची नव्हती, बायकोची होती. पंधरा दिवसांत ती धड बोलली नव्हती. वाट दाखवणाऱ्या मुलीला तेवढे भित्रे प्रश्न विचारायची. पावसात रस्ता बंद पडतो का? घरात साप येतात का? बाईमाणसाला एकटीने दवाखान्यापर्यंत जाता येतं का?

"ही ऐनवेळी कच खाणार," सुपरवायझर त्या मुलीच्या कानाशी लागले. "जरा धीर दे गं तिला."

"काका, दोन मिनिटं बोलू नका," ती मुलगी म्हणाली. "ऐका नुसतं."

ते अर्धं मिनिट गप्प बसले. तेवढ्यात समोरचं धुकं फाटलं आणि सगळी दरी उघडी पडली. रानावर रान, त्यावर रान, कुठेतरी पांढरा धबधबा, आणि लाखो किड्यांचा एकच सूर, जणू जमीनच गुणगुणत होती.

"फोटो! अगं, फोटो काढ माझा! झाड पूर्ण येऊ दे!"

तिने काढला. झाड पूर्ण आलं नाही म्हणून पुन्हा काढला.

"काकू, तुमचा काढू?" मुलीने विचारलं.

"तिचा कशाला? तिला नाही आवडत," सुपरवायझर म्हणाले.

सिस्टरने बूट खाली ठेवले, थर्मास खाली ठेवला आणि तळहात बुंध्यावर सपाट टेकवला. अडलेल्या बाईच्या पोटावर ठेवावा तसा, हलका आणि जाणता. डोळे मिटून ती उभी राहिली. कितीतरी वेळ. ती मुलगी श्वास रोखून बघत राहिली. सुपरवायझरांनाही क्षणभर कसंसंच झालं, देवळात चुकून मोठ्याने बोलल्यासारखं.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला चला! आणि थर्मासातला चहा गार झालाय, सांगून ठेवतो."

कचेरीची खोली लहान होती. खिडकीच्या फटीतून एक वेल आत घुसून फायलींच्या कपाटावर चढली होती आणि तिला कोणी कापलं नव्हतं. टेबलामागे अधिकारी बाई.

"इथे का राहायचंय?"

"त्याचं असं आहे मॅडम," सुपरवायझर पुढे सरसावले, "आम्हाला पहिल्यापासूनच निसर्गाची..."

"अर्जदार बोलतील."

टेबलाखाली सुपरवायझरांनी सिस्टरचा हात गच्च दाबला. घाबरू नकोस.

सिस्टरने हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केला.

"तीस वर्षं मी रात्रंदिवस बायकांचं ओरडणं ऐकलं," ती म्हणाली. "घरी आल्यावर ऑर्डरी ऐकल्या. इथे पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला. खालच्या दवाखान्याला सुईण हवी आहे. परवा मी बोलून आले त्यांच्याशी. ठेवून घेताहेत."

सुपरवायझरांचा जीव भांड्यात पडला. बहाद्दर! कधी गेली, काय बोलली, पत्ता लागू दिला नाही. पण काम केलं, फत्ते!

"छान," अधिकारी बाई म्हणाल्या आणि अर्ज पुढे सरकवला. "'अर्जदार' आणि 'सोबत राहणारी व्यक्ती', दोन्ही रकान्यांसमोर तुम्हीच माझ्यासमक्ष सही करा."

सिस्टरने पहिल्या रकान्यासमोर सही केली. अक्षर ठसठशीत. मग दुसऱ्या रकान्यावर पेनाने एक सरळ, शांत रेघ ओढली.

सुपरवायझर हसले. "अहो, चुकली ती. तिला फॉर्मचं काही कळत नाही."

अधिकारी बाईंनी रेघेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग सिस्टरकडे.

"मग हे कोण?"

"हे?" सिस्टर म्हणाली. "हे मला सोडायला आलेत."