कागदाएवढी फट

बायकोने ती दीड हात लांब रिमोटची गाडी घेतल्यापासून नवऱ्याच्या पोटात दुखत होतं. घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक दर रविवारी मैदानावर, गाड्यांच्या शर्यतीला. परत आली की तिथल्या दाढीवाल्याचं कौतुक. "वळणावर काय हात आहे हो त्यांचा."

म्हणून ती शनिवारी भाजी आणायला गेली की हा मोटरचा एक स्क्रू हळूच सैल करायचा. रविवारी मोटर तिरकी व्हायची, गिअर घासायचे, दात झिजायचे आणि गाडी दोन फेऱ्यांत घरघरायला लागायची. बाईसाहेब तोंड पाडून घरी.

मग जेवणाच्या टेबलावर दुरुस्ती. "अहो, दोन गिअरच्या मधे हा कागद धरा. तेवढीच फट राहायला हवी." तो कागद धरायचा, ती स्क्रू आवळायची. डोक्याला डोकं लागायचं. दाढीवाल्याचं नावही निघायचं नाही.

या शनिवारीही ती भाजीला गेली आणि त्याने गाडी खोक्यातून काढली. गेल्या रविवारी दोघांनी मिळून आवळल्यापासून ती जमिनीला टेकलीसुद्धा नव्हती.



स्क्रू आधीच कुणीतरी सैल करून ठेवला होता.