पक्कं हाडूक

चर्चच्या पायऱ्यांखाली वाजवणाऱ्यांच्या ताफ्यांची रांग लागली होती. सांता सेसिलियाचा दिवस. ही वाजवणाऱ्यांची पाठीराखी संत. आज तिच्यापुढे सगळे फुकट वाजवतात, आणि वर्षभर पैशासाठी वाजवतात त्याहून झकास वाजवतात. फिदेन्सियो आपली भलीमोठी गिटार पोटावर टेकवून उभा होता. त्याच्या पुढे त्याची मुलगी ब्रिसेइदा, हातात ट्रम्पेट घेऊन. मागे तिच्या ताफ्यातल्या पोरी. ताफा सगळा पोरींचाच, तिनेच उभा केलेला. फक्त ही मोठी गिटार वाजवणारी पोर अजून मिळायची होती, म्हणून बापाला घेतलं होतं.

पुढे एकच ताफा उरला होता, तेवढ्यात चौक ओलांडून अबुंदियो धावत आला. हा ब्रिसेइदाचा बाप्तिस्म्यापासूनचा धर्मबाप, समोरच्या नगरपालिकेत कारकून. धावणं त्याला शोभत नव्हतं, तरी धावत होता.

"फिदेन्सियो! पोरीला हाडूक मिळालं! पक्कं!"

आमच्याकडे वाजवायची सुपारी मिळाली की म्हणतात, हाडूक मिळालं. सरकारी खुर्ची मिळाली तरी म्हणतात, हाडूक मिळालं. फिदेन्सियोच्या डोक्यात मात्र पहिल्याखेरीज दुसरं हाडूक कधी शिरलंच नव्हतं.

"वा रे गड्या! कधी? शनिवारी?"

"उद्यापासून. रोज."

"रोज? रोज कोण लग्न करतंय बाबा?"

मागच्या पोरी फिस्सकन हसल्या.

"नऊ ते तीन," अबुंदियो धापा टाकत म्हणाला.

"एवढा वेळ सलग? मध्ये जेवायला तरी घालणार ना? आणि गाणी कुठली हवीत त्यांना?"

"गाणी कसली डोंबलाची! शिक्के मारायचेत, शिक्के! जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर! कायमची नोकरी, दवाखाना फुकट, म्हातारपणी पेन्शन. साहेब वर कचेरीत थांबलेत. बाराच्या आत सही केली नाही, तर त्यांच्या मेव्हणीची पोर बसलीच म्हणून समज. चल गं पोरी, लवकर."

आता कोणी हसलं नाही.

"पण काका, मी कुठे मागितली होती नोकरी?" ब्रिसेइदाने विचारलं.

"तू नाही. ह्याने. माझ्या दारात ठाण मांडून बसला होता, पोरीचं काहीतरी बघ म्हणून. आणि आता मलाच गाणी विचारतोय."

ब्रिसेइदा मागे वळली. फिदेन्सियो गिटारच्या तारांकडे बघत होता.

"अप्पा?"

"हो, मीच म्हटलं. खोटं कशाला बोलू? पण मिळेलसं वाटलं नव्हतं." त्याने नाक पुसलं. "लोकांच्या दारात ताटकळत उभं राहायचं. कोणी दारुडा एकच गाणं परत परत वाजवायला लावणार, आणि वर सुरात नाही म्हणून शिव्या देणार. माझं झालं ते झालं. तुझे असे हाल नकोत, वाटलं. भ्यालो मी, झालं."

"मला विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर दिलं ते अबुंदियोने.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? हा भोंगा फुंकण्यात जन्म जाईल आणि हाती येईल भोपळा. बापाकडे बघ जरा!"

सगळ्यांनीच बघितलं. काळा सूट कोपरांवर झिजून चकाकत होता. पॅंटच्या कडेची चांदीची बटणं मात्र आज पहाटे उठून घासलेली, लख्ख.

"बघितलंय, काका," ब्रिसेइदा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "लहानपणापासून तेच बघतेय. म्हणून तर हा ट्रम्पेट धरला. साहेबांना सांगा, मेव्हणीच्या पोरीला बसवा खुशाल. नोकरी वाईट आहे असं नाही. पण मला काम आहे. ते बघा, माझ्या मागे उभं आहे."

मागच्या पोरी आपोआप सरळ झाल्या.

"उद्या उपाशी राहिलीस म्हणजे कळेल!"

"तुमच्याकडे येईन जेवायला. धर्मबाप कशाला असतो मग?"

आपली पोर! भर चौकात, साऱ्या गावाच्या वाजवणाऱ्यांदेखत, बापाला नावं ठेवणाऱ्याला तिने बापच दाखवला होता. फिदेन्सियोची छाती एवढी फुगली की गिटारचा पट्टा काचू लागला.

पुढचा ताफा वाजवून उतरला. पाद्र्याने हात केला. पोरी पायऱ्या चढल्या, वाद्यं सावरली आणि सवयीने सगळ्यांनी फिदेन्सियोकडे पाहिलं. पट्टी नेहमी तोच सांगायचा. वयाने मोठा, त्यात गावातल्या निम्म्या वाजवणाऱ्यांना त्यानेच शिकवलेलं.

फिदेन्सियोने टोपी काढली आणि तो मुलीकडे वळला.

"कुठल्या पट्टीत घ्यायचं, मास्तर?"

आपल्या गुरूशिवाय आजवर त्याने कोणाला मास्तर म्हटलं नव्हतं. पोरींना ते ठाऊक होतं. खाली उभ्या असलेल्या अबुंदियोलाही.

ब्रिसेइदाचे ओठ थरथरायला लागले. थरथरत्या ओठांनी ट्रम्पेट वाजत नाही. तिने ते दातांखाली दाबून धरले, मग सोडले.

"वरच्या," ती म्हणाली. "आणि अप्पा, टोपी घाला, ताठ उभे राहा. नगरपालिका बघतेय."