एकतिसाव्या पानावरची चौकट

एकतिसावं पान उघडलं आणि चित्रकार मुलीने पुस्तक डोळ्यांजवळ धरलं. पानाच्या मधोमध एक रिकामी चौकट होती. चौकटीच्या डोक्यावर ठळक निळ्या अक्षरांत छापलं होतं: ‘मला हे कळलेलं नाही. इथे काय काढू?’

ही ओळ तिने स्वतःसाठी टाइप करून ठेवली होती. छपाईला देण्याआधी काढून टाकायची होती. ती राहून गेली.

“काका, बाकीच्या प्रती कुठायत?”

“गेल्या की वर्गावर. चाळीसच्या चाळीस.” छापखान्यातल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “का? रंग फिका आलाय का?”

रंग नको तितका झकास आला होता.

शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग होता. तिथल्या गणिताच्या बाईंनी अपूर्णांकांचं पुस्तक लिहिलं होतं. या नमुना प्रती पसंत पडल्या, तर शहरातल्या सगळ्या वर्गांना तेच पुस्तक लागणार होतं. मुलीने आजवर साबणाची वेष्टनं आणि औषधांची खोकी सजवली होती. पुस्तक हे पहिलंच. “गणित कसं आहे तुमचं?” असं बाईंनी पहिल्या भेटीत विचारलं, तेव्हा तिने “बऱ्यापैकी” असं ठोकून दिलं होतं. खरं तर ती दहावीला गणितात काठावर सुटली होती, तीही कुणा भल्या परीक्षकाच्या कृपेने.

पण काम तिने जीव ओतून केलं होतं. आधी तिने फुगे आणि हसरे आकडे काढले होते. मग एक दिवस वर्गात जाऊन बसली. समोर टक्कल पडलेले, नातवंडं असलेले विद्यार्थी. घरी येऊन तिने सगळे फुगे फोडले. त्यांच्या जागी एक साधी पट्टी आणली, चार घरांची. आकड्यांखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाव, अर्धा, पाऊण. हे शब्द या माणसांच्या तोंडात लहानपणापासून होते. भीती होती ती फक्त वर एक, खाली एक आकडा आणि मधे रेघ, या प्रकाराची.

बाई प्रत्येक पानासाठी पेन्सिलीने कच्चं चित्र काढून पाठवायच्या. एकतिसाव्या पानाचं तेवढं आलंच नाही. त्यावर गणित होतं: तीन भागिले पाऊण. तिने दोनदा फोन केला.

“पाऊण म्हणजे तीन छेद चार. तो उलटा करायचा, चार छेद तीन, आणि गुणायचं. त्यात काढायचंय काय?” असं म्हणून बाईंनी दोन्ही वेळा फोन ठेवला होता.

आता ती धावतच वर्गावर पोचली. बाई फळ्यावर तारीख घालत होत्या. वर्ग पुस्तकांत डोकं खुपसून बसला होता. ती मागच्या दाराने आत शिरली आणि शेवटच्या बाकावरच्या मावशींपाशी वाकली. मावशी मोठ्या दवाखान्यात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायच्या.

“मावशी, पुस्तक जरा परत द्याल? एक चूक छापली गेलीये.”

मावशींनी पानावर तळहात दाबला. “चूक कसली? इथे कुणीतरी अडलंय, विचारतंय. सांगायला नको?”

मुलीने आजूबाजूला पाहिलं. सगळेच एकतिसाव्या पानावर होते. सगळ्यांच्या हातात पेन्सिली. रखवालदारकाकांनी चौकटीत लिहिलं होतं, ‘मलाही नाही. काळजी नसावी.’ रंगाऱ्याने तीन डबे काढून दोन खोडले होते. गेले तीन महिने ‘काही शंका?’ असं विचारलं की जे खाली बघायचे, ते आज एकमेकांच्या वह्यांत डोकावून भांडत होते.

“ही ओळ माझी आहे,” मुलगी हळूच म्हणाली. “मलाच कळलं नव्हतं.”

“मग बस इथे.” मावशी सरकल्या. त्यांच्या चौकटीत कापडाचा एक लांब पट्टा होता. “हे तीन मीटर कापड. एका अभ्र्याला पाऊण मीटर लागतं. अभ्रे किती? आधी सगळ्याचे पाव-पाव तुकडे पाडायचे. एका मीटरला चार, म्हणजे झाले बारा. पाऊण म्हणजे तीन पाव. तीन-तीनचे गठ्ठे बांध.”

मुलीने बोटाने गठ्ठे मोजले. चार भरले. तिने पुन्हा मोजले. आधी चारने गुणलं. मग तीनने भागलं. म्हणून तो तीन छेद चार उलटा होतो!

“अगंबाई, कळलं!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की रखवालदारकाका सवयीने उठून उभे राहिले. सगळा वर्ग हसला.

बाई वळल्या. खडू हातात तसाच. त्या बाकांमधून चालत आल्या, मावशींसमोरचं पुस्तक उचललं, ती निळी ओळ वाचली. वर्गातलं हसू विरलं.

“बाई, चूक माझी आहे,” मुलगी उभी राहिली. “गणित बऱ्यापैकी आहे, हेही मी खोटंच—”

बाईंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्या मावशींच्या कापडाच्या पट्ट्याकडे बघत होत्या. मग खडू ठेवून त्या त्याच बाकावर, दोघींच्या मधे, दाटीवाटीने बसल्या.

“मावशी, मला परत एकदा सांगा. सावकाश,” त्या म्हणाल्या. “चौतीस वर्षं मी हे नुसतं पाठ करून शिकवत आलेय.”