हँडलचं माप

ऑफिसचा फोन संपवून सुचित्रा गॅरेजात परतली आणि दारातच थबकली. तिच्या मोटरसायकलवर चंद्रकांत बसले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात पुढे धरलेले. रिझवान मिस्त्री त्या हातांच्या उंचीला नवं हँडल आवळत होता.

आता काय बोलायचं! गाडी हिची. दुखणारी मान हिची. वाकून चालवणं थांबवा, नाहीतर गाडीच विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं तेही हिलाच. पुढच्या आठवड्यात गाडीने पहाडात, मुनस्यारीला निघायचं, म्हणून तर हे उंच हँडल मागवलं. आणि माप कुणाचं? तर जन्मात सायकलपलीकडे काही न चालवलेल्या नवरोबांचं, तेही हिच्यापेक्षा वीतभर उंच. या हँडलला हात पोचवता पोचवता तिची मान पुरती आखडली असती.

"हे काय चाललंय?"

चंद्रकांतांनी एक डोळा उघडला. "तो म्हणाला, बैठिए सर. मी बसलो."

"गाडी माझी आहे, एवढं सांगता नाही आलं?"

"अगं, हँडलच तर आहे. थोडं वरखाली."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्रीचं एक वेळ सोडा, तो तिला आजच पाहत होता. पण हा माणूस लग्नापासून तिच्याच मागे बसून बाजारात, लग्नाकार्यांना, पार नैनितालपर्यंत हिंडला होता.

रिझवान पाना पुसत हसला. "भाभीजी, अब आप आराम से पीछे बैठिएगा. सर की कमर नहीं दुखेगी."

सुचित्राने किल्ली चंद्रकांतांच्या हातात ठेवली, मागच्या सीटवर चढली आणि पर्स मांडीवर घेतली.

"चला."

"कुठे?"

"घरी, इंदिरा नगरला. तुमच्या मापाचं झालंय ना, मग न्या."

रिझवानने लगबगीने समोरचं स्टूल उचललं, वाट मोकळी करून दिली. चंद्रकांत किल्लीकडे बघत राहिले. मग पायाशी काहीतरी चाचपलं, ते गिअर होतं की ब्रेक, त्यांना कळलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"भैया," ते शेवटी हळूच म्हणाले, "मुझे चलानी नहीं आती."

रिझवान स्टूल हातात धरून तसाच उभा राहिला.

"तो फिर सर, आप बैठे क्यों?"

सुचित्रा मागून हलली नाही. उत्तर तिलाही ऐकायचं होतं.