उजव्या मनगटावरचा वास

डाव्या मनगटावर लवंग आणि व्हॅनिला, उजव्या मनगटावर दालचिनी आणि मध. शैलजाताई आळीपाळीने दोन्ही हुंगत होत्या.

“उजवीकडचा जास्त उग्र आहे, पण दिवसभर टिकतो,” परफ्यूमच्या दुकानातली मुलगी म्हणाली.

“डावीकडचा घे, आई,” मृणाल म्हणाली. “बाबांनाही हा सोसला असता...”

बाबा जाऊन सहा महिने झाले होते. त्यांना दमा होता. लग्न होऊन आल्यापासून शैलजाताईंनी घरात कधी अत्तर आणलं नव्हतं, देवापुढे उदबत्ती लावली नव्हती. गजरासुद्धा त्या जिन्यातच काढून ठेवायच्या. कधी कुरकूर केली नाही.

“मला उजवाच हवाय,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. “हा मी आज नाही निवडला, मृणाल. तुझे बाबा दवाखान्यात होते ना, तेव्हा डबा घेऊन जाताना मी एकदा इथे थांबले होते. मनात आलं, ते गेल्यावर हा घ्यायचा. ते जिवंत होते गं तेव्हा.”



“मी हॉस्टेलवर गेले ना,” मृणाल म्हणाली, “तेव्हा पहिल्याच संध्याकाळी उदबत्तीचा पुडा आणला होता. खोलीभर धूर केला. तेवढ्यात बाबांचा फोन आला, आणि मला बोलताच येईना.”

तिने आईचं उजवं मनगट नाकाशी धरलं.

“हाच घे.”