लाभाचा हिरडा

पर्जन्यमापकातलं शेवटचं पाणी गिलासात काढून नूतनने ते शाळेच्या अंगणात ओतलं आणि विचारलं, “किती झाले, सखूबाई?”

सखूबाई शाळेची खिचडी शिजवायच्या. सकाळी साडेआठला बाईंनी पाऊस मोजायचा आणि सखूबाईंनी गिलास मोजायचे, असं दोघींचं ठरलेलं. घाटमाथ्यावरच्या या वाडीत पाऊस काही नवा नव्हे, तरी पाच-सहा गिलासांत काम उरकायचं. आज मात्र बोटं पुरेनात म्हणून सखूबाईंनी ओटीत हिरडे घेतले होते. एका गिलासाला एक हिरडा ताटलीत.

“ताटलीत अठरा हायेत,” सखूबाई म्हणाल्या.

एक गिलास वीस मिलिमीटरचा. अठरा विसे तीनशे साठ. वर्षानुवर्षं पाढे घोकून घेणाऱ्या बाईने तो एवढासा गुणाकार तीनदा केला. एका रात्रीत वीतभर नाही, चांगला हातभर पाऊस.

फोनला रेंज फक्त कड्याच्या टोकाशी यायची. दोघी तिथे गेल्या. समोर कोकण असायला हवं होतं, पण खालून नुसता ढग वर येत होता. तो कड्यावर आदळायचा आणि थेंब उलटे आभाळाकडे उडायचे. छत्री वर धरावी की खाली, हेच नूतनला कळेना. शेवटी तिने ती मिटून टाकली आणि डिंभे धरणावरच्या इंजिनियरना, कल्पेश साहेबांना, फोन लावला. सखूबाईंनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

“तीनशे साठ? मॅडम, घोडेगावला बारा मिलिमीटर झालाय. तुमचं शून्य जास्त पडलं असेल.”

“शून्य नाही साहेब, गिलास मोजलेत.”

“मग पुन्हा मोजा.”

“ओतून दिलं सगळं.”

धरण काठोकाठ आलं होतं. आकडा खरा असेल तर दारं आत्ताच उघडायला हवीत. खोटा असेल तर भरलेलं धरण उगाच सोडलं म्हणून सगळा तालुका साहेबांच्या नावाने खडे फोडणार. नूतनच्या डोळ्यांपुढे मात्र भरत होता, तिचा धाकटा भाऊ. धरणाच्या खाली, घोड नदीच्या काठी तिचं माहेर. नदीला पाणी नाही तोवर आज पात्रात उतरून पाण्याची मोटार सरळ करतो, असं तो काल सांगत होता.

“गिलास मोजले कोणी?”

“म्या मोजले,” सखूबाई फोनकडे वाकून ओरडल्या. “लाभ, दोन, तीन करत. एकोणीस झाले.”

“मॅडमच्या तीनशे साठचे तर अठराच होतात.”

“ताटलीत अठराच हायेत. लाभाचा हिरडा म्या ताटलीत टाकत न्हाई. पयला देवाचा. ह्यो बघा, ओटीत हाय.” आणि त्यांनी तो काढून फोनला दाखवलासुद्धा.

चूक सापडली होती, पण भलत्याच बाजूला: पाऊस आणखी वीसने वाढला होता. नूतनने डोळे मिटून घेतले. आता साहेब काय म्हणतात कोण जाणे.

“आमचं धान्याचं दुकान होतं,” कल्पेश साहेब सावकाश म्हणाले. “आजोबा पहिलं माप लाभ म्हणूनच घालायचे. म्हणायचे, लाभ म्हणून मोजणाऱ्याचं माप पुन्हा घालायचं नसतं.” मग त्यांचा आवाज बदलला. “तीनशे ऐंशी धरतो. दारं उघडतोय. नदीकाठी निरोप जातील, पण तुमचं कोणी असेल तर तुम्हीही कळवा.”

“साहेब, एवढं पाणी येतं कुठून?”

“समुद्रातून. यंदा अरबी समुद्र लई तापलाय. वारा त्याच्यावरून पाणी पिऊन येतो, तुमच्या कड्याला अडतो, वर चढतो, गार पडतो. मग त्याला ते पेलत नाही.”

फोन तुटला. नूतन आईचा नंबर लावत राहिली. लागेना. चौथीच्या वर्गात ती फळ्यावर हेच काढायची: समुद्र, वाफ, ढग, पाऊस. चार बाण, मुलं दोन मिनिटांत वहीत उतरवून घ्यायची. त्यातला एक बाण आता तिच्या पायांखालून वर येत होता आणि त्याला काठच नव्हता. तिला भीती वाटली. त्याहून जास्त, हात जोडावेसे वाटले.

सखूबाईंनी पावसाने भिजलेला तळहात चाटून पाहिला. “समिंदराचं म्हंतो, मग खारट कसं न्हाई?”

“वाफ होताना मीठ तिकडंच राहतं.”

“येवढं डोंगरावर उचलून आनलं, अन् मीठ तेवढं जाग्यावर ठिवलं?” सखूबाई खालच्या ढगाकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

फोन लागला.

“आई, भरत कुठंय?”

“नदीत, मोटारीपाशी,” बयाबाई म्हणाल्या. “ऊन लई चांगलं पडलंय. म्या गोधड्या वाळत घातल्यात.”

“त्याला आधी वर बोलव.”

“का गं? पानी घोट्याला न्हाई. आभाळात ढग न्हाई.”

समजावून सांगायला एक अख्खा तास लागला असता.

“आई, समुद्र घाट चढून आलाय. आता तुमच्याकडं निघालाय.”

बयाबाईंनी नदीकडे तोंड करून भरतला हाक मारली. उन्हात मारलेली ती हाक नूतनला कड्यावर, आभाळाकडे उडणाऱ्या पावसात, स्वच्छ ऐकू आली.