शिंपल्याची बटणं

तपासणीच्या औषधाचे थेंब पडताच नळीतलं पाणी पुन्हा पिवळं झालं. तिने नळी उजेडात धरली, रंगांच्या पट्टीशेजारी लावली, काढली, परत लावली. पीएच सहा पूर्णांक चार. कालही तेच.

"सकाळपासून चौथ्यांदा," आई मागच्या दारातून म्हणाली. "पाण्यालाही जरा दम खाऊ दे."

परसातल्या तळ्याच्या काठावर बाबांची वही उघडी होती. सोळा वर्षांच्या नोंदी, रोज सकाळी सातच्या. तारीख, आणि पुढे: हिरवा, ७.२. एकही दिवस इकडचा तिकडे नाही. बाबा नळी उजेडात धरायचे आणि आधी आईला हाक मारायचे. तिला दाखवल्याशिवाय पेन उघडायचे नाहीत, इतकं त्यांना तिचं वेड.

बाबा गेल्यावर लेकीने पहिल्यांदा पाणी तपासलं, तेव्हा ते पिवळं निघालं. आम्लाकडे झुकलेलं. सोळा वर्षं जे टिकलं, ते तिच्या हाती येताच बिघडलं होतं.

तळ्यात एकच मोठा मासा उरला होता. नारिंगी, म्हातारा. दिवसभर कडेकडेने तपासणी करत फिरायचा, म्हणून बाबा त्याला मुकादम म्हणायचे. पाणी असंच राहिलं तर मासे तग धरत नाहीत, असं तिने वाचलं होतं. बाबांच्या वेळी ती पोचली नव्हती. दर रविवारी फोनवर ती विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" आई म्हणायची, "हो." तेवढंच, ठाम. मग एका मंगळवारी वेगळाच फोन आला. "अचानक झालं गं," आई म्हणाली होती. मुकादमाच्या बाबतीत तरी तिला उशीर करायचा नव्हता.

शेजारच्या सरांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. ते कुंपणावरून वाकले.

"सोडा ओतून मोकळी हो, असं सांगणारे भेटतील. ऐकू नकोस. आकडा एकदम उसळेल आणि पुन्हा आपटेल. मासा त्या धक्क्यानेच जायचा. शिंपल्यांचा चुरा घाल. सावकाश विरघळतो, आणि पाण्याला धरून ठेवतो." त्यांनी तिच्याकडून वही घेऊन पानं उलटली. "रोज सात पूर्णांक दोन? ऊन असो, पाऊस असो? हे तळं आहे की टाकसाळ?"

"बाबा काटेकोर होते, सर."

"ते असतील. पाणी नसतं." तिचा चेहरा बघून त्यांनी वही मिटली. "मासा मात्र ठणठणीत आहे हं तुझा."

तिने तळाची कुजलेली पानं जाळीने उपसली. पाण्यावर आलेली फांदी छाटली. पंप धुऊन पाणी खेळतं केलं. कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानातून शिंपल्यांच्या चुऱ्याची गोणी आणली. आकडा सहा पूर्णांक सहावर आला आणि तिथेच अडून बसला. दुकानदार म्हणाला, पुढचा माल महिन्याभराने. तिने ऑफिसला कळवून रजा वाढवली. रात्री झोप नाही, दिवसा एका जागी बूड नाही.

तेव्हा तिला बटणं आठवली.

बाबा शिंपी होते. कपाटात बटणांचे अकरा डबे होते, प्रत्येकावर आईच्या अक्षरातली चिठ्ठी: पांढरी, तपकिरी, गडद निळी. दोऱ्यांच्या रिळांनाही तशाच चिठ्ठ्या. जे डोळ्यांना दिसतं तेही लिहून ठेवायचं, ही आईची शिस्त घरात थट्टेचा विषय होती. डबे काढताना मागे दवाखान्याची फाइल दिसली. चांगली जाडजूड. अचानक झालेल्या गोष्टीला एवढे कागद कशाला, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती डबे घेऊन बाहेर आली.

जुनी बटणं शिंपल्याची, नंतरची प्लास्टिकची. एकेकावर व्हिनेगरचा थेंब टाकून ती फेस येतो का बघत होती. आई शेजारी येऊन बसली.

"नासाडी नको. आण इकडे." आईने एक बटण दातावर टेकवलं. "गार लागलं, खरखरलं, की शिंपला. हा शिंपला. हाही. हे प्लास्टिक."

"तुला वाईट नाही ना वाटत? त्यांची बटणं आहेत."

"आता शर्ट कोणाला शिवायचेत?" आई म्हणाली. "कामावर कधी जाणार तू?"

"पाणी हिरवं झालं की."

"आणि नाही झालं तर? राहू दे ना आहे तसं."

"बाबांचं व्हायचं ना रोज!"

आईने हातातलं बटण पुन्हा एकदा दातावर टेकवलं. "शिंपला," ती हळूच म्हणाली.

हातोडीने बटणं फोडून तिने जाळीच्या पिशव्यांत भरली आणि पंपाच्या धारेखाली ठेवली. सहा पूर्णांक सहा. सहा पूर्णांक सहा. नवव्या दिवशी सहा पूर्णांक आठ. मुकादम पिशव्यांभोवती फेऱ्या घालत होता. ती जेवण अर्धं टाकून उठायची, बघून यायची. आई तिचं ताट झाकून ठेवायची.

तेविसाव्या दिवशी, सकाळी सातला, तिने नळी उजेडात धरली आणि स्वयंपाकघरात धावली.

"आई! हिरवा! सात पूर्णांक दोन!"

आईने हात पुसले. नळी घेऊन ती खिडकीशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"छान आहे गं," ती म्हणाली. "असा दिसतो होय."

"असा दिसतो म्हणजे? सोळा वर्षं रोज बघायचीस ना?"

"रोज पिवळाच असायचा. तुझ्या बाबांना हिरवं-पिवळं एकच दिसायचं. गिऱ्हाइकांना कळू दिलं नाही कधी." आईने नळी तिच्या हातात परत दिली. "मला विचारायचे, हिरवा आहे ना? नाही म्हटलं असतं तर घास उतरला नसता त्यांना. तुझ्यासारखेच ते. मग मी म्हणायचे, हो."